छप्पनियातली मुले आणि पाच-पाच वर्षांचे गट : जुन्या शिरगणतीतील वयोगट सुटे कसे करावेत

माझी पणजी धरमपुरीची. घरात मराठी, दाराबाहेर निमाडी, आणि नर्मदेचा घाट म्हणजे तिचे अंगण. मी शाळेत असताना ती गेली. तिला वय विचारले की आकडा कधी सांगायची नाही. "मी छप्पनियातली" एवढेच म्हणायची. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा दुष्काळ माळव्यात आणि निमाडात अजून 'छप्पनिया' याच नावाने ओळखला जातो. ती एक गोष्ट नेहमी सांगायची, "माझ्या बरोबरीची पोर आळीत दुसरी नव्हतीच. मोठ्या पोरींत खेळायचे, नाहीतर धाकट्यांत."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. पुढे नोकरीतून मोकळा झालो, इतिहासाचा नाद लागला, तेव्हा वाटले की आपण इंजिनियर माणूस, हे आकड्यात तपासता येईल की. तपासायला गेलो आणि आधी चांगलाच तोंडघशी पडलो. जुन्या शिरगणतीवर काम करणाऱ्या कुणालाही हीच चूक होऊ शकते, म्हणून ती चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही इथे मांडतो.

प्रश्न काय आहे

धरमपुरी तेव्हा धार संस्थानचा परगणा. पवारांच्या या संस्थानची लोकसंख्या १८९१ साली सुमारे १ लाख ६९ हजार होती, १९०१ साली ती सुमारे १ लाख ४२ हजारांवर आली. दहा वर्षांत शेकडा सोळा माणसे कमी. साऱ्या मध्य हिंदुस्थान एजन्सीचेही तेच झाले, १ कोटी ३ लाखांवरून ८६ लाख. हे सगळेच दुष्काळात मेले असे नाही. काही गाव सोडून गेले, काही मुले जन्मालाच आली नाहीत, मागच्या मोजणीतल्या चुकाही त्यात आहेत. पण मोठा वाटा छप्पनियाचा आणि त्यामागून आलेल्या तापाच्या साथींचा.

१९०१ च्या मध्य हिंदुस्थानच्या शिरगणतीचे प्रमुख होते कॅप्टन लुआर्ड. धारच्या काशिनाथ कृष्ण लेले यांच्याबरोबर ज्यांनी परमारांवर पुस्तक लिहिले तेच हे लुआर्ड, त्यामुळे आपल्या वाचकांना नाव नवे नाही. त्या वर्षी प्रथमच माणशी एक चिठ्ठी करून, त्या चिठ्ठ्या कप्प्यांत लावून मोजायची पद्धत देशभर आली. वय लावताना पहिली पाच वर्षे एकेक सुटी ठेवली (० ते १, १ ते २, असे ४ ते ५ पर्यंत), पुढे पाच-पाच वर्षांचे गट केले, आणि साठीच्या पुढचे सगळे एका कप्प्यात. आपल्या हाती येतात ते हे गटांचे छापील तक्ते.

आता पणजीचे वाक्य तपासायचे तर मला १९११ च्या शिरगणतीतली दहा वर्षांची मुले किती आणि अकरा वर्षांची किती हे वेगवेगळे हवे होते. तक्ता मात्र सांगतो '१० ते १५' असा एकच आकडा. या गटातून एकेका वर्षाचे आकडे काढायचे कसे, हा या लेखाचा विषय.

आधी बोटावर हिशेब

संगणक उघडण्याआधी तारखा लावून घ्याव्यात. शिरगणतीची रात्र १९०१ साली १ मार्चची होती आणि १९११ साली १० मार्चची. म्हणजे १९११ ला ज्याला दहा पूर्ण झाली होती, तो मार्च १९०० ते मार्च १९०१ या काळात जन्मलेला. अकरा पूर्ण झालेला मार्च १८९९ ते मार्च १९०० मधला.

१८९९ चा पाऊस गेला. १८९९ च्या पावसाळ्यानंतर ते १९०० च्या पावसाळ्यापर्यंत लोकांचे हाल झाले. उपासमारीत दोन गोष्टी होतात : तान्ही मुले दगावतात आणि गर्भ कमी राहतात. गर्भ कमी राहिल्याचा परिणाम नऊ महिन्यांनी जन्मांवर दिसतो. म्हणजे जन्मांचा खड्डा १९०० च्या मध्यापासून १९०१ च्या आरंभापर्यंत पडणार. मग १९११ साली खड्डा असायला हवा तो वय दहाला, आणि त्याच्या शेजारी, थोडा कमी, वय अकराला.

नमुन्याचे आकडे

पुढचा हिशेब समजावण्यासाठी मी एका काल्पनिक गावाचे आकडे घेतो. हे आकडे धरमपुरीचे नाहीत, कुठल्याच गावाचे नाहीत. फक्त पद्धत दिसावी म्हणून सोपे आकडे बनवले आहेत. १९११ साल समजा :

० ते ४ वर्षे : १२०
५ ते ९ : ११०
१० ते १४ : ८०
१५ ते १९ : ९०
२० ते २४ : ९५

तिसरा गट बसका आहे, म्हणजे दुष्काळाचा वळ दिसतोच. आता या ८० मुलांचे पाच भाग करायचे.

पद्धत पहिली : सरळ भागाकार

८० भागिले ५, प्रत्येक वयाला १६. कोडमध्ये एका ओळीचे काम. दोष उघड आहे. नवव्या वर्षाला २२ आणि दहाव्याला एकदम १६, अशी पायरी पडते. खरी वस्ती अशी पायऱ्यापायऱ्यांची नसते. पण या पद्धतीचा एक गुण सांगतो : ती खोटा आव आणत नाही. बघणाऱ्याला लगेच कळते की आतले काही माहीत नाही.

पद्धत दुसरी : स्प्रेगचे गुणक

एडिनबर्गचे विमागणिती थॉमस बाँड स्प्रेग यांनी १८८० साली गटांमधून गुळगुळीत वक्र काढायची रीत दिली. तिच्यावरून तयार झालेले गुणक आजही जगभर वापरतात. कल्पना अशी की एका गटाचे तुकडे करताना शेजारच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन गटही बघायचे. प्रत्येक वयासाठी पाच गुणक, पाच गटांना गुणून बेरीज.

वय दहासाठी गुणक असे : उणे ०.०१२८, ०.०८४८, ०.१५०४, उणे ०.०२४०, ०.००१६. आपल्या गावाला लावले की :

उणे १.५३६ + ९.३२८ + १२.०३२ उणे २.१६० + ०.१५२ = १७.८१६

याच रीतीने अकराला १६.०४८, बाराला १५.००८, तेराला १५.१२८ आणि चौदाला १६.०००. बेरीज बरोबर ८०. ही बेरीज जुळणे महत्त्वाचे. गुणकांची रचनाच अशी आहे की गटाचा आकडा हलत नाही, फक्त आत वाटला जातो.

कोड लिहिणाऱ्यांसाठी पायऱ्या देतो. पायथॉन, आर, नाहीतर साधी एक्सेलची शीट, काहीही चालेल :

१. गटांचे आकडे एका यादीत घ्या.
२. गुणकांची पाच ओळी, पाच रकाने अशी सारणी दुसऱ्या यादीत ठेवा.
३. प्रत्येक मधल्या गटासाठी मागचे दोन, तो स्वतः आणि पुढचे दोन असे पाच आकडे उचला.
४. सारणीच्या प्रत्येक ओळीशी गुणून बेरीज करा. पाच वयांचे पाच आकडे मिळतील.
५. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन गटांना एका बाजूला शेजारी पुरत नाहीत, त्यांच्या सारण्या वेगळ्या असतात, त्या लावा.
६. शेवटी प्रत्येक गटाची बेरीज मूळ आकड्याशी ताडून पाहा. जुळली नाही तर कोड थांबला पाहिजे.

सहावी पायरी कंटाळा करून गाळू नका. माझ्या पहिल्या कोडमध्ये एक उणे चिन्ह सुटले होते, ते याच पायरीने पकडले.

अपूर्णांकातली माणसे पूर्ण कशी करायची? आधी सगळे आकडे खाली उतरवा : १७, १६, १५, १५, १६, म्हणजे ७९. एक माणूस उरला. तो ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा, त्याला द्या. इथे १७.८१६ चा. मग १८, १६, १५, १५, १६, बेरीज ८०. नुसते जवळच्या पूर्णांकात बदलत गेलात तर बेरीज कधी एकाने वर जाते, कधी खाली.

दुसरी एक रीतही आहे. गटांची चढती बेरीज करायची (आपल्या गावात ०, १२०, २३०, ३१०, ४००, ४९५), त्या बिंदूंमधून कधीही खाली न येणारा वक्र काढायचा आणि दर वर्षाचा फरक घ्यायचा. पायथॉनच्या सायपाय संचात ही सोय तयार मिळते. हिचा फायदा असा की कुठल्याच वयाला उणे माणसे येत नाहीत. स्प्रेगमध्ये शेजारच्या गटांत फार तफावत असली तर तसे होऊ शकते. आर भाषेत डेमोटूल्स नावाचा संच आहे, त्यात स्प्रेग, बीअर्स आणि इतरही रीती एका आज्ञेत चालतात.

मी तोंडघशी कसा पडलो

मी स्प्रेग लावला, सुरेख वक्र आला, मंडळाच्या बैठकीत पडद्यावर दाखवला. म्हणालो, "हा पाहा छप्पनियाचा खड्डा, बारा-तेरा वर्षांपाशी."

मागच्या रांगेत आमचे एक ज्येष्ठ सभासद बसले होते, निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. ते म्हणाले, "अहो, छप्पनियातली पोरं अकरा सालच्या मोजणीत बारा-तेराची कशी होतील? बोटावर मोजा की."

सभा हसली. मीही हसलो, पण घरी येऊन रात्री दोनपर्यंत कोड तपासत बसलो. कोडमध्ये चूक नव्हती. वर नमुन्याच्या गावात पाहा, स्प्रेगने दहाव्या वर्षाला सर्वांत जास्त मुले दिली आहेत, १८. इतिहास सांगतो की तिथे सर्वांत कमी हवीत.

असे का होते? स्प्रेगच्या रीतीला १९०० साल ठाऊक नाही. तिला एवढेच दिसते की डावीकडचा गट ११० चा, मधला ८० चा, उजवीकडचा ९० चा. मग ती ११० कडून हळूहळू उतरते, मध्यावर तळ गाठते आणि ९० कडे चढते. विमागणितींना हेच हवे असते. मृत्यूचे कोष्टक करताना एखाद्या वर्षाचा खाचखळगा त्यांना नकोच असतो, तो पुसावा म्हणून तर ही साधने बनली. आपल्याला मात्र तो खळगाच हवा आहे. तो पुसला तर ती मुले दुसऱ्यांदा नाहीशी होतात, आणि या वेळी आपल्या हातून.

पूर्णांकाचा लोभ

यात आणखी एक गुंता आहे. आपल्याकडे वय सांगताना दहा, वीस, तीस, चाळीस असे पूर्णांक सांगायची सवय होती. नऊच्या नि अकराच्या मुलालाही "असेल दहाएक" म्हणायचे. 'दहावे लागले' आणि 'दहा पूर्ण झाली' यांतही एका वर्षाचा फरक. पूर्णांकाचा हा लोभ मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे. २३ ते ६२ या वयांतले जे लोक ५ ने भाग जाणारे वय सांगतात, त्यांच्या संख्येला पाचाने गुणायचे, त्या वयांच्या एकूण लोकांनी भागायचे आणि शंभराने गुणायचे. शंभर आले तर लोभ नाही. पाचशे आले तर सगळेच पूर्णांक सांगतात.

आता नीट पाहा. दुष्काळ १९०० च्या आगेमागे, आणि शिरगणती १९११, १९२१, १९३१ ची. म्हणजे खड्ड्यातली मुले दर मोजणीत दहा, वीस, तीस याच वयावर येतात. जिथे खड्डा, तिथेच लोकांच्या सवयीचा ढीग. सवयीने सांगितलेली वये खड्डा बुजवून टाकतात. शिवाय नऊची मुले दहा सांगितली गेली की ती ५ ते ९ च्या गटातून १० ते १४ मध्ये सरकतात, म्हणजे गटाचा आकडाही शुद्ध राहत नाही.

सरकारी विमागणितींना हे ठाऊक होते. हार्डी यांनी १८८१ ते १९०१ च्या आणि ॲकलंड यांनी १९११ च्या वयांवर याच दोषासाठी काम केले. १९३१ साली तर गटच वेगळे पाडले : ४ ते ६, ७ ते १३, १४ ते १६, १७ ते २३, असे तीन वर्षांचा एक आणि सात वर्षांचा एक. त्यामुळे ५, १०, १५, २० ही लोभाची वये गटाच्या काठावर न येता मधोमध येतात, आणि आजूबाजूची ओढलेली माणसे त्याच गटात राहतात. मग शेजारच्या दोन गटांची अर्धी-अर्धी बेरीज घेऊन पाच वर्षांचे गट केले. म्हणून १९३१ चा गट १९२१ च्या गटाशेजारी ठेवताना सावध राहावे.

पद्धत तिसरी : आधीच्या मोजणीची साक्ष

मग उपाय काय? उपाय लुआर्डसाहेबांच्या तक्त्यातच होता. १९०१ साली ० ते ४ वयाची मुले एकेक वर्षाने दिली आहेत. तीच मुले १९११ ला १० ते १४ होतात. म्हणजे गट कसा वाटायचा हे शेजारच्या गटांना विचारण्यापेक्षा त्याच मुलांच्या दहा वर्षांपूर्वीच्या मोजणीला विचारावे.

नमुन्याच्या गावात १९०१ साली समजा ० वयाची १५, १ ची १२, २ ची २०, ३ ची २७, ४ ची २६, एकूण १००. या प्रमाणात ८० वाटले तर १२, ९.६, १६, २१.६, २०.८ येतात. पण थांबा. इथे अकराला दहापेक्षाही कमी आली. एका वर्षाच्या मुलाला दोन सांगायची चाल आपल्या जुन्या शिरगणतींत जुनी आहे, त्यामुळे दुष्काळ नसतानाही १ वयाचा आकडा नेहमीच बारीक दिसतो. शिवाय तान्ह्या मुलांत पुढे दगावणारी जास्त, तो भागही धरला पाहिजे.

म्हणून १९०१ च्या आकड्यांना १९११ च्या ० ते ४ च्या आकड्यांनी भागायचे. वय सांगायची खोड दोन्हीकडे सारखी, बालमृत्यूची नेहमीची उतरंडही साधारण सारखी, त्यामुळे भागाकारात दोन्ही कटतात आणि दुष्काळाचा वेगळेपणा उरतो. आपल्या गावात १९११ ला समजा ३०, १८, २४, २६, २२, एकूण १२०. भागाकार येतो :

० वय : १५ भागिले ३० = ०.५००
१ वय : १२ भागिले १८ = ०.६६७
२ वय : २० भागिले २४ = ०.८३३
३ वय : २७ भागिले २६ = १.०३८
४ वय : २६ भागिले २२ = १.१८२

यांची बेरीज ४.२२०. याच प्रमाणात ८० वाटले तर दहाला ९.५, अकराला १२.६, बाराला १५.८, तेराला १९.७, चौदाला २२.४. वरच्या रीतीने पूर्णांक केले की ९, १३, १६, २०, २२. बेरीज पुन्हा ८०.

एकच गट, एकच बेरीज. स्प्रेगने दहा वर्षांची १८ मुले दिली, या रीतीने ९. दुप्पट फरक, आणि खड्डा आता जिथे तारखा सांगतात तिथे आहे.

कोडमध्ये हे आणखी सोपे आहे : दोन याद्यांचा भागाकार, त्याची बेरीज, प्रत्येकाचा वाटा, वाटा गुणिले गट, आणि शेवटी तीच बेरीज ताडायची पायरी.

या रीतीच्या मर्यादा

पहिली : १९०६ ते १९११ मध्ये दरसाल जन्म साधारण सारखे झाले असे आपण धरले. मधल्या वर्षांत प्लेगसारखी साथ एखाद्या भागात फिरली असेल तर भागाकार बिघडतो.

दुसरी : १९०१ ते १९११ मध्ये पाचही वर्षांची मुले सारख्याच प्रमाणात जगली असे धरले. छप्पनियात जन्मलेले मूल पुढेही अशक्त राहिले असेल तर खरा खड्डा आपल्या उत्तराहून खोल.

तिसरी : मोठ्या मुलखाचे प्रमाण उचलून लहान परगण्याला लावू नये. धार संस्थानात माळव्याचे पठार आहे आणि घाटाखालचे निमाडही. धरमपुरी नर्मदेकाठी आहे, पण भोवती डोंगर आहेत, आणि मध्य हिंदुस्थानात दुष्काळाचा मार भिल्लांच्या डोंगराळ मुलखाला सर्वांत जास्त बसला. साऱ्या संस्थानची सरासरी या परगण्यावर बसवली तर उत्तर सुबक येईल, पण ते धरमपुरीचे असेलच असे नाही.

चौथी : आकडे लहान असले की योगायोग मोठा होतो. नऊ आणि तेरा यांतला फरक एका गावात काहीच सिद्ध करत नाही. दहावीस गावे मिळूनच बोलावे.

म्हणून माझा नेम असा. तक्ता करताना तीन रकाने ठेवायचे : छापील गट, सरळ भागाकार, आणि निवडलेल्या रीतीचे उत्तर. तिसऱ्या रकान्यावर ठळक लिहायचे, 'अंदाज', आणि रीतीचे नाव. पुढे कुणी तो तक्ता उचलला तर त्याला छापलेले काय आणि आपण काढलेले काय हे कळले पाहिजे. वक्र गुळगुळीत आला म्हणून तो खरा मानू नये. दुष्काळ, साथ, मोठे स्थलांतर यांची साले आधी कागदावर लिहावीत, ती कुठल्या वयावर पडतात ते बोटावर मोजावे, आणि मगच कोड चालवावा. १९१८ चा इन्फ्लुएंझा याच रीतीने तपासता येईल. १९२१ च्या मोजणीत त्याची मुले एक-दोन वर्षांची आहेत.

वाचकांना एक विनंती

आकडे तपासायला आकड्यांबाहेरची साक्ष लागते. धार, देवास, धरमपुरी, ठीकरी, कुक्षी या भागांतल्या जुन्या मराठी घरांतून जन्मपत्रिका, मोडीतल्या घरखर्चाच्या वह्या, बारशाच्या नोंदी अजून सापडतात. पत्रिकेत वय नसते, तिथी असते, म्हणून 'असेल दहाएक' चा प्रश्न येत नाही. तुमच्या घरात संवत १९५० ते १९६० मधल्या पत्रिका असतील तर फक्त जन्माचे साल आणि गाव मंडळाला कळवा. नावे नकोत. शे-दोनशे पत्रिका जमल्या तरी कुठल्या साली किती जन्म, याचा एक स्वतंत्र तक्ता होईल आणि वरची तिसरी रीत किती खरी ते त्याच्याशी ताडता येईल. अर्थात ज्या घरांत पत्रिका करत होते तीच घरे त्यात येणार, भिल्लांची आणि मजुरांची नाहीत. तीही मर्यादा तक्त्यावर लिहू.

पहिली पत्रिका मी जमा केली आहे. पणजीची. संवत १९५६, फाल्गुन, धरमपुरी. म्हणजे १० मार्च १९११ च्या आगेमागे तिला अकरा पूर्ण होत होती. मोजणीदाराला तिच्या घरच्यांनी काय सांगितले असेल ते मला माहीत आहे असे वाटते : "असेल दहाएक."